अल मनखूलचे नामंजूर अर्ज

१९९८ आणि १९९९ या दोन वर्षांत आमच्या स्नेहवर्धक मंडळाच्या आधार निधीने नोकरी गेलेल्या ज्या सभासदांना मदत नाकारली, ते सर्व दुबईतल्या अल मनखूल भागात राहत होते. ज्यांना मदत दिली, त्यांपैकी एकही अल मनखूलमध्ये राहत नव्हता.

या देशात नोकरी गेली की सरकार भत्ता देत नसे. ते व्हिसा रद्द करी आणि सामान आवरायला थोडी मुदत देई. ही उणीव भरून काढण्यासाठी मंडळातल्या लोकांनी आपापसांत वर्गणी काढून हा निधी उभारला होता. ज्याची नोकरी गेली, त्याला दुसरी मिळेपर्यंत किंवा परत जाईपर्यंत घरभाड्याला हातभार लावायचा, एवढाच त्याचा उद्देश. कागदपत्रांचा जाच नको म्हणून अर्ज तोंडी घेत. स्वाभिमानी माणूस स्वतः हात पसरणार नाही, हे गृहीत धरून त्याच्या वतीने इतर कोणी शब्द टाकला तरी चालत असे. मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी समिती त्या घरी जाई, अर्धा तास बसे, चहा घेई, आणि गाडीत परत बसेपर्यंत निर्णय झालेला असे.

समिती म्हणजे अण्णासाहेब आणि कमलिनीबाई. अण्णासाहेबांचा बांधकामाच्या कंत्राटांचा व्यवसाय होता आणि भिंतीवर टिचकी मारून तिच्यात सिमेंट किती ते सांगता येते, असा त्यांचा दावा होता. कमलिनीबाईंची शारजात पोळीभाजीची खानावळ होती आणि माणसाकडे पाहून तो किती पोळ्या खाणार ते सांगता येते, असा त्यांचा. दोघांचेही अंदाज कोणी तपासून पाहिलेले नव्हते.

मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. बर दुबईतल्या सोनाराच्या काट्यापासून रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातल्या ट्रक तोलणाऱ्या काट्यापर्यंत सर्व काटे आमच्याकडून प्रमाणित होत. त्यामुळे निधीबद्दल कुरबूर वाढली तेव्हा अण्णासाहेबांनी मला बोलावून सांगितले, की आमचा निर्णय किती अचूक असतो ते एकदा शास्त्रीय पद्धतीने मोजा आणि तोंडे बंद करा. मोजमापाचा निष्कर्ष आधी सांगून मग मोजायला सांगणारे ते पहिलेच ग्राहक नव्हते. मी काम स्वीकारले.

काटा दोन प्रकारे चुकतो हे मी त्यांना समजावून सांगितले. तो नसलेले वजन दाखवतो किंवा असलेले दाखवत नाही. निधीचेही तसेच. ज्याला गरज नाही त्याला पैसे गेले ही एक चूक, ज्याला गरज आहे त्याला नाकारले ही दुसरी. आणि दुसरीची बोंब होत नाही, कारण ती ज्याच्यावर होते तो विमानात बसून निघून गेलेला असतो. अण्णासाहेबांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले आणि दोन्ही चुका शून्य निघतील असे सांगितले.

कार्यालयातून आठवड्याची रजा घेऊन मी प्रत्येक प्रकरणाची चौकशी केली. शारजातल्या एका गृहस्थाला मदत मिळाली तेव्हा तो नव्या नोकरीवर रुजूही झाला होता. उलट अल मनखूलमध्ये नाकारलेली सर्व कुटुंबे खरोखरच अडचणीत होती. त्यांतली दोन भारतात परत गेली होती. मग मी दुबईचा मोठा नकाशा आणला, मंजुरीला हिरवी आणि नामंजुरीला लाल टाचणी लावली, आणि तेव्हा आरंभी दिलेली वस्तुस्थिती माझ्या ध्यानात आली. लाल टाचण्या एकाच घोळक्यात होत्या. मोठ्या रस्त्यापलीकडे करामातले एक घर तर या घोळक्याच्या अगदी लगत होते. तिथे मात्र हिरवी टाचणी होती. घोळक्याच्या साधारण मध्यावर आमची स्वतःची इमारत येत होती. मी तो योगायोग मानून सोडून दिला, कारण कुठलीतरी इमारत मध्यावर यायचीच.

हा नकाशा मी हॉलमध्ये माझ्या खुर्चीसमोर टांगला. विनिता, म्हणजे माझी पत्नी, हिचे म्हणणे होते की तिथे गणपतीची तसबीर बरी दिसते. पण दुसरी जागा नव्हती. खुर्चीच्या पाठीमागे शोकेस होते, आणि शोकेसमध्ये कंपनीने दहा वर्षांच्या सेवेबद्दल मला दिलेला निळ्या-सोनेरी काठाचा डिनर सेट होता. तो दिवाळीला आणि माझे साहेब जेवायला आले तर, एवढ्यापुरताच बाहेर निघे.

कारण शोधताना शेजाऱ्यांचे साहाय्य मी मागितले नव्हते, ते मिळाले. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, की अल मनखूलच्या इमारतींची दारे दक्षिणेला आहेत. मी होकायंत्र घेऊन सर्व लाल इमारतींसमोर उभा राहिलो. दारे चारही दिशांना निघाली. होकायंत्र घेऊन इमारतीभोवती फिरणाऱ्या माणसाबद्दल रखवालदार काय कल्पना करून घेतो, हे मला त्या दिवशी कळले. विनिताला विचारले तर ती म्हणाली, ती सगळी घरंदाज माणसे आहेत, दारी आलेल्याचा मान ठेवणारी. समितीलाच माणसांची पारख नाही. हे मत भावनिक असल्याने मी विचारात घेतले नाही.

माझा स्वतःचा तर्क पार्किंगचा होता. अल मनखूलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. अण्णासाहेब अर्धा तास घिरट्या घालतात, घामाघूम होऊन जिना चढतात आणि जो समोर दिसेल त्याचा अर्ज फेटाळतात, असे मी मानले. तपासण्याची संधीही लगेच चालून आली. पलीकडच्या गल्लीतल्या नीलेशचा अर्ज त्याच आठवड्यात आला होता.

नीलेश आराखडे काढणारा होता. त्याची कंपनी एका सकाळी कुलूप लावून नाहीशी झाली. दुसऱ्या कंपनीने त्याला घ्यायचे मान्य केले होते, पण तिचे कागद व्हायला दोन महिने लागणार होते. तेवढे भाडे निघाले तर कुटुंब इथेच राहणार होते. नाही तर त्याची पत्नी रंजिता आणि शाळेत जाणारा मुलगा महिनाअखेरीस साताऱ्याला जाणार होते, आणि एकदा गेलेले कुटुंब परत आणणे किती अवघड असते ते इथे सर्वांना ठाऊक होते.

समितीबरोबर घरात जायचे मी कटाक्षाने टाळले. मोजणाऱ्याच्या उपस्थितीने मोजमाप बिघडते. मी फक्त पार्किंगची व्यवस्था केली. नीलेशच्या इमारतीसमोर एक जागा रिकामी होताच मी तीत घडीची खुर्ची टाकून बसलो. जून महिना होता. थोड्या वेळाने एक पिकअप माझ्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ येऊन थांबली आणि तिच्या पठाण चालकाने मला खाली-वर न्याहाळले.

"हबीबी," तो अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "पार्किंग गाडी के लिए है. आदमी के लिए घर होता है."

मी त्याला प्रयोगाची कल्पना दिली. त्याने उतरून आणखी दोन चालकांना बोलावले आणि ती त्यांनाही द्यायला सांगितली. एवढ्यात अण्णासाहेबांची गाडी आली, मी खुर्ची उचलली आणि त्यांना थेट जागा मिळाली. ते शीळ घालत जिना चढले. अर्ध्या तासाने शीळ घालतच उतरले आणि अर्ज नामंजूर झाल्याचे त्यांनी मला सांगितले. पार्किंगचा तर्क निकालात निघाला. माझ्या मानेवरची कातडी पुढे आठवडाभर सोलत होती.

त्या रात्री नीलेश आमच्या दाराशी आला. आत यायला तयार नव्हता. "साहेब, नाही म्हणाले ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण आमचं चुकलं काय, एवढं तरी सांगा. आम्ही काही कमी केलं नव्हतं हो."

प्रयोगशाळेत बिघडलेला काटा लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवता येतो. इथे काटा शीळ घालत घरी गेला होता आणि चिठ्ठी नीलेशला लागली होती. मी अण्णासाहेबांकडे जाऊन फेरपाहणी मागितली. त्यांनी ती दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी ठरवली आणि तिचा निर्णय अंतिम राहील असे बजावले.

या दोन आठवड्यांत माझ्या तपासाला दृश्य रूप आले. नकाशा भिंतीवरून सारखा गळून पडत असल्याने त्याला पाठीमागे पुठ्ठा हवा होता. मी दुपारच्या सुट्टीत घरी आलो की खाली खैरुद्दीनच्या किराणा दुकानात जाई. पहिल्या दिवशी रिकामे खोके मागितले. ते लहान पडले. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठे मागितले. त्याला केळ्यांची ओल होती. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून सर्वांत मोठी, कोरडी खोकी काढून ठेवली होती, आणि ती माझ्या हाती देताना त्याचा चेहरा पडला होता.

"फॅमिली पहले जाएगा साब, या सब साथ में?" त्याने विचारले.

दर उन्हाळ्यात बायकामुले आधी भारतात जातात आणि पुरुष मागाहून. म्हणून मी सांगितले, की फॅमिली पहले, मी नंतर. खैरुद्दीनने माझ्याकडून साबणाचे पैसे घेतले नाहीत. मला ते विचित्र वाटले, पण मी त्यावर विचार केला नाही. आखातात ऐन दुपारी, कामाच्या दिवशी, दुकानातून मोठी खोकी नेणारा माणूस फक्त एकाच कारणासाठी ती नेतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्याची नोकरी गेलेली असते आणि तो सामान बांधत असतो.

दुसऱ्या सकाळी एक अनोळखी माणूस आमचा फ्रिज पाहायला आला. त्याने दार उघडून बर्फाच्या कप्प्यात हात घातला, कॉम्प्रेसरला कान लावला आणि तीनशे दिरहम सांगितले, मग माझी समजूत पटावी म्हणून मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले हो, गावाकडे नवा येईल." फ्रिज विकायचा नाही म्हटल्यावर तो समजूतदारपणे हसला आणि सोफ्याची लांबी मोजून गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मस्कतमधल्या आपल्या मेव्हण्याचा नंबर दिला. स्वानंदीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, मैत्रिणीच्या आईने फोन करून शाळेचा दाखला वेळेवर काढायला सांगितले. स्वानंदी घरी येऊन म्हणाली, "बाबा, एव्हरीवन इज बीइंग सो नाइस टू मी. इट्स स्केअरी."

मी प्रत्येकाला सांगितले की माझी नोकरी शाबूत आहे. प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नकारालाच होकाराचा पुरावा मानण्याची पद्धत विज्ञानात नाही. आमच्या इमारतीत होती. मी मुद्दाम ऑफिसच्या गणवेशात, छातीवर ओळखपत्र लटकावून सकाळी जिना उतरू लागलो, तर घरच्यांपासून लपवण्यासाठी बिचारा रोज डबा घेऊन निघतो आणि कुठेतरी बसून राहतो, अशी पुरवणी बातमी पसरली. ओळखपत्र मी काढून ठेवले. त्याचाही अर्थ काढण्यात आला.

फेरपाहणीचा शुक्रवार उजाडला. विनिता आणि स्वानंदी दुपारीच बाहेर गेल्या होत्या. कुठे ते मी विचारले नव्हते. समिती नीलेशकडे पोहोचली असेल त्या वेळी मी खुर्चीत बसून नकाशाकडे पाहत होतो. अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात अण्णासाहेब आणि कमलिनीबाई उभे होते. अण्णासाहेब शीळ घालत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या वतीने शब्द टाकला होता.

ते आत आले. त्यांनी हॉलमधली खोकी पाहिली. सोफ्यावर फ्रिजवाल्याने खडूने केलेली खूण पाहिली. गणपतीची तसबीर भिंतीवरून खाली उतरलेली पाहिली. मी म्हणालो की हे सर्व तपासासाठी आहे, आणि चहा करायला उठलो. कारण त्या क्षणी मी यजमान होतो आणि त्याबाबतचे नियम तपासाहून जुने आहेत. पाहुण्यांसाठी चांगले कप काढावेत म्हणून मी पाठीमागचे शोकेस उघडले. ते रिकामे होते.

मी खालचा कप्पाही उघडून पाहिला. समितीही पाहत होती. मग मी स्वयंपाकघरात सापडेल ते घेतले. अण्णासाहेबांना स्टीलच्या पेल्यात चहा मिळाला, कमलिनीबाईंना स्वानंदीच्या, कान तुटलेल्या सशाच्या मगमध्ये. बिस्किटे मी डब्याच्या झाकणात दिली. चहात साखर विसरलो होतो. कमलिनीबाईंनी एक घोट घेतला, सशाकडे पाहिले आणि पदराने डोळे टिपले.

"मंजूर," अण्णासाहेब म्हणाले.

मी म्हणालो, माझी नोकरी आहे. ते म्हणाले, सुरुवातीला सगळे असेच म्हणतात. मी ओळखपत्र आणून दाखवले. ते म्हणाले, कंपन्या हल्ली ते परत घ्यायलाही विसरतात. मी पगाराबद्दल बोलू लागताच त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि निधी उभा कशासाठी केला, असे मलाच विचारले. ज्याला गरज नाही त्याला पैसे देण्याची चूक माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरात, माझ्याच बाबतीत घडत होती, आणि अल मनखूलमधली ही पहिली मंजुरी होती. अपमान गिळून मी नीलेशचे काय झाले ते विचारले.

"नामंजूर," अण्णासाहेब म्हणाले. "फेरपाहणी केली. उलट जास्तच थाट होता."

"कसला थाट?"

हे कमलिनीबाईंनी सांगितले. "अहो, केशर घातलेला शिरा, वर काजू. आणि तो डिनर सेट. मी बशी उलटी करून बघितली, मी बघतेच, खानावळ आहे ना माझी. उंची माल. तुमच्या मनखूलमध्ये ज्या घरी जावं तिथं तोच सेट. नोकरी गेलेली माणसं असले सेट घेतात होय? अख्ख्या मनखूलमध्ये तो नसलेलं घर आज पहिल्यांदा बघितलं." आणि त्यांनी सशाचा मग दोन्ही हातांनी सांभाळून खाली ठेवला.

"काठ कसला होता?" मी विचारले.

"निळा. सोनेरी रेघ."

"आणि बशीच्या पाठीवर?"

"तराजू छापलेला."

कोणी काही बोलायच्या आत कुलपात किल्ली फिरली. विनिता आत आली. तिच्यामागे स्वानंदी बाजाराची दोन चाकांची ट्रॉली ओढत होती आणि ट्रॉली उंबऱ्यावर चढताना तिच्यातून चिनी मातीचा मंद किणकिणाट आला. कमलिनीबाई उठल्या, त्यांनी ट्रॉलीत गुंडाळलेल्या टॉवेलांतून एक बशी काढली आणि सवयीने उलटी केली. तिला शिरा लागलेला होता.

विनिताने जे सांगितले त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. मी विचारले नव्हते, एवढेच. नोकरी गेलेल्या घरात समिती येणार म्हटल्यावर त्या घरच्या बाईला पहिली चिंता पडे ती पाहुण्यांना द्यायचे कशात याची. पहिल्यांदा एकीने विचारले. मग एकमेकींना कळत गेले. गुरुवारी सेट जाई, शुक्रवारी रात्री येई, आणि सोबत विनिता शिराही करून देई, कारण त्या घरात तूप आणि काजू नसत. आपली परिस्थिती चारचौघांत उघडी पडू नये म्हणून कोणी बोलत नसे, आणि विनितानेही कोणाला सांगितले नव्हते.

"मला वाटलं, मान ठेवला तर काम होईल," ती म्हणाली. "अहो, पाहुण्यांना कोणी सशाच्या मगात चहा देतं का?"

अण्णासाहेबांनी स्टीलचा पेला खाली ठेवला. "म्हणजे दोन वर्षं," ते म्हणाले, "आम्ही सगळीकडे जाऊन यांचंच घर तपासत होतो."

तिथून ते उठले ते थेट नीलेशकडे गेले, पायी, आणि या वेळी काही न खाता परतले. रंजिताची तिकिटे रद्द झाली. आधी नाकारलेल्यांपैकी जी कुटुंबे दुबईत होती त्यांनाही मदत पोहोचली, आणि परत गेलेल्या दोघांना अण्णासाहेबांनी स्वतः फोन केला. माझी मंजुरी मागे घेण्यासाठी मात्र कंपनीचे पत्र आणावे लागले. ते देताना आमच्या साहेबांनी काळजीने विचारले, की मी दुसरीकडे नोकरी शोधतो आहे का. समिती तेव्हापासून चहा स्वतःच्या थर्मासमध्ये आणि कागदी पेले स्वतःच्या पिशवीत घेऊन जाते.

अहवाल अण्णासाहेबांनी मागितला होता, म्हणून मी तो लिहून दिला. त्यातले कारणाचे कलम असे: अल मनखूलमधील अर्ज नामंजूर होत, कारण तेथे समितीला आमचा डिनर सेट दिसत असे. इतरत्र अर्ज मंजूर होत, कारण माझी पत्नी गाडी चालवत नाही आणि ट्रॉली मोठा रस्ता ओलांडत नाही.